विश्लेषण : डेस्कटॉप प्रोसेसरमध्ये ५२ कोअर? चर्चा किती खरी आणि फायदा किती?

डेस्कटॉप संगणकाच्या प्रोसेसरमध्ये गेली काही वर्षे कोअरची संख्या जवळपास गोठली आहे. एएमडीचा आकडा २०१९ पासून १६ वर, तर इंटेलचा २०२२ पासून २४ वर थांबला आहे. आता मात्र दोन्ही कंपन्यांच्या आगामी पिढीबद्दल मोठमोठे आकडे फिरत आहेत. एएमडी २४ कोअर देणार आणि इंटेल थेट ५२ कोअर देणार, असे सांगितले जाते. नवा संगणक जुळवून घेण्याच्या विचारात असलेल्या अनेकांनी या चर्चेमुळे खरेदी पुढे ढकलली आहे. हे आकडे कुठून आले, त्यांवर किती विश्वास ठेवावा आणि खरे ठरले तरी सामान्य वापरकर्त्याच्या पदरात काय पडेल, याचा हा आढावा.

नेमकी चर्चा काय आहे?

इंटेलच्या आगामी डेस्कटॉप प्रोसेसरचे सांकेतिक नाव ‘नोव्हा लेक’ आहे. त्याच्या सर्वात वरच्या मॉडेलमध्ये ५२ कोअर असतील, अशी चर्चा आहे. मात्र हे ५२ कोअर एकसारखे नाहीत. त्यांतील १६ कोअर मोठे आणि वेगवान, ३२ कोअर लहान आणि काटकसरी, तर उरलेले चार अत्यंत कमी विजेवर चालणारे असतील, असे सांगितले जाते. सध्याच्या ‘कोअर अल्ट्रा ९ २८५के’मध्ये आठ मोठे आणि १६ लहान असे २४ कोअर आहेत. म्हणजे आजच्या संपूर्ण कोअर-संचाच्या दोन प्रती शेजारी शेजारी बसवायच्या आणि वर चार छोटे कोअर जोडायचे, असे हे गणित आहे.

एएमडीच्या बाबतीत चर्चा ‘झेन ६’ या आराखड्याची आहे. एएमडीचे डेस्कटॉप प्रोसेसर ‘चिपलेट’ म्हणजे छोट्या छोट्या सिलिकॉन तुकड्यांपासून बनतात. रायझनच्या पहिल्या पिढीपासून डेस्कटॉपसाठीच्या अशा एका तुकड्यावर जास्तीत जास्त आठ कोअर असतात. दोन तुकडे जोडले की १६ होतात. नव्या पिढीत एका तुकड्यावर १२ कोअर असतील आणि त्यामुळे एकूण आकडा २४ वर जाईल, असे बोलले जाते. कोअरना जोडून असलेली सामाईक कॅशे मेमरीही एका तुकड्यामागे ३२ मेगाबाइटवरून ४८ मेगाबाइटवर जाईल, असा अंदाज आहे. दर कोअरमागे चार मेगाबाइट हे जुने प्रमाण त्यात कायम राहते.

यातले अधिकृत काय आणि ऐकीव काय?

नोव्हा लेक हे नाव इंटेलने स्वतः जाहीरपणे घेतले आहे. हे प्रोसेसर २०२६ च्या अखेरीस आणण्याचे नियोजन असल्याचेही कंपनीने गुंतवणूकदारांना सांगितले आहे. त्याचा काही भाग स्वतःच्या कारखान्यात आणि काही भाग बाहेर तयार होईल, हेही कंपनीच्या अधिकाऱ्यांनी मान्य केले आहे. ५२ हा आकडा, कॅशेचा आकार, नवे सॉकेट आणि किंमत हे सारे मात्र ऐकीव माहितीच्या गटात मोडते.

एएमडीने ‘झेन ६’बद्दल जे सांगितले आहे ते प्रामुख्याने सर्व्हरसंबंधी आहे. ‘व्हेनिस’ नावाचा सर्व्हर प्रोसेसर तैवानच्या टीएसएमसी कंपनीच्या दोन नॅनोमीटर तंत्रावर तयार होईल आणि त्यात २५६ कोअरपर्यंत मजल जाईल, असे एएमडीने जून २०२५ मध्ये जाहीर केले. त्याआधीच्या पिढीत ही मर्यादा १९२ होती. सर्व्हर आणि डेस्कटॉपसाठी सारखाच मूळ आराखडा वापरण्याची एएमडीची पद्धत आहे. त्यामुळे सर्व्हरमध्ये कोअर वाढले की डेस्कटॉपमध्येही वाढतील, हा तर्क अवाजवी नाही. पण तो तर्क आहे, घोषणा नव्हे.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. टेबलावरच्या संगणकात पन्नासहून अधिक कोअर ही कल्पना नवीन नाही. एएमडीने ‘थ्रेडरिपर ३९९०एक्स’ हा ६४ कोअरचा प्रोसेसर २०२० मध्येच विक्रीला आणला होता. त्याची किंमत होती ३,९९० डॉलर, आणि मदरबोर्डही वेगळा व महागडा लागत असे. आताच्या चर्चेतले नावीन्य एवढेच, की इतके कोअर नेहमीच्या बाजारातल्या, नेहमीच्या मदरबोर्डवर बसणाऱ्या प्रोसेसरमध्ये येऊ शकतात.

अशी माहिती बाहेर येते कशी?

प्रोसेसर बाजारात येण्याच्या कितीतरी महिने आधी त्याचे नमुने मदरबोर्ड बनवणाऱ्या, संगणक जुळवणाऱ्या आणि सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या कंपन्यांकडे पोहोचलेले असतात. एवढ्या हातांतून गेलेली गोष्ट गुपित राहत नाही.

पहिला मार्ग मुक्त सॉफ्टवेअरचा. नवा प्रोसेसर आल्या दिवसापासून लिनक्सवर चालायचा असेल, तर त्याची ओळख सांगणारा कोड आधीच सर्वांसमोर ठेवावा लागतो. नोव्हा लेकचे नाव असे इंटेलच्याच अभियंत्यांनी लिहिलेल्या कोडमध्ये दिसले. दुसरा मार्ग मालवाहतुकीच्या नोंदींचा. चाचणीचे सुटे भाग एका देशातून दुसऱ्या देशात जातात तेव्हा सीमाशुल्काच्या कागदावर त्यांचे वर्णन लिहावे लागते. या नोंदी चाळून कोणत्या सॉकेटची चाचणी सुरू आहे, कोणता नमुना किती वॉटचा आहे, याचा अंदाज बांधणारे लोक आहेत. इंटेल आणि एएमडी या दोघांचीही मोठी रचना केंद्रे बंगळूरुमध्ये असल्याने अशा नोंदींत भारताचाही उल्लेख येतो. तिसरा मार्ग वेगमापन चाचण्यांचा. एखाद्या अभियंत्याने नमुन्यावर चाचणी चालवली आणि निकाल चुकून सार्वजनिक यादीत गेला, की काही तासांत त्याची बातमी होते. चौथा मार्ग म्हणजे ‘सूत्रांकडून कळते’. कंपनीतला, पुरवठादाराकडचा किंवा वितरकाकडचा कोणीतरी सांगतो आणि एखादा यूट्यूबर ते प्रसिद्ध करतो.

या चारही मार्गांचे वजन सारखे नाही. कोड आणि सीमाशुल्काची नोंद हा लेखी पुरावा असतो, पण त्यातून एखादी गोष्ट अस्तित्वात आहे एवढेच सिद्ध होते. ती विकली जाईलच, असे नाही. सूत्रांचे सांगणे अधिक तपशीलवार असते, पण पडताळता येत नाही.

मागच्या वेळच्या अफवांचे काय झाले?

याचे एक बोलके उदाहरण २०१८ चे आहे. त्या वर्षी डिसेंबरमध्ये एएमडीच्या पुढच्या रायझन मालिकेची संपूर्ण यादीच फुटल्याची बातमी आली. त्यानुसार १६ कोअरचा प्रोसेसर ५.१ गिगाहर्ट्झपर्यंत धावणार होता आणि त्याची किंमत ४९९ डॉलर असणार होती. प्रत्यक्षात २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये ‘रायझन ९ ३९५०एक्स’ आला. त्यात कोअर १६ च होते. वेग मात्र ४.७ गिगाहर्ट्झपर्यंत होता आणि किंमत ७४९ डॉलर. म्हणजे कोअरची संख्या बरोबर निघाली. वेग आणि किंमत दोन्ही चुकले.

दुसरे उदाहरण इंटेलचे. ‘अॅरो लेक’ या पिढीत आठ मोठे आणि ३२ लहान अशा ४० कोअरचा प्रोसेसर येणार, अशी चर्चा बराच काळ होती. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये ही पिढी आली तेव्हा कमाल आकडा २४ च राहिला. इथे तर कोअरचा आकडाच हुकला.

तिसरे उदाहरण ‘झेन ५’चे. दर ठोक्याला होणाऱ्या कामात ४० टक्के वाढ होणार, असे २०२४ च्या सुरुवातीला बोलले जात होते. एएमडीने स्वतः जाहीर केलेली सरासरी वाढ १६ टक्के होती.

या तिन्ही उदाहरणांतून एक साधा नियम हाती येतो. कोअरची संख्या ही आराखड्यातच ठरलेली असते. ती लवकर कळते आणि बऱ्याचदा बरोबर निघते. मॉडेलच रद्द झाले तर गोष्ट वेगळी. वेग मात्र कारखान्यातून चिप कशी बाहेर पडते त्यावर ठरतो आणि किंमत शेवटच्या काही आठवड्यांत प्रतिस्पर्ध्याकडे पाहून ठरते. म्हणून कोअरबद्दलच्या अफवेला थोडे वजन द्यावे, वेगाबद्दलच्या अफवेला कमी आणि किमतीबद्दलच्या अफवेला अगदीच कमी.

कोअर वाढवण्याची वेळ मुळात का आली?

२००४ पर्यंत प्रोसेसर वेगवान करण्याचा मार्ग सरळ होता : ठोके वाढवा. इंटेलचा ‘पेंटियम ४’ त्या वर्षाअखेर ३.८ गिगाहर्ट्झवर पोहोचला. पण ठोके वाढवताना वीज आणि उष्णता इतकी वाढू लागली की चार गिगाहर्ट्झच्या पेंटियम ४ ची योजना कंपनीला गुंडाळावी लागली. २००५ मध्ये दोन्ही कंपन्यांनी दोन कोअरचे डेस्कटॉप प्रोसेसर आणले. एक कामगार अधिक वेगाने पळवता येत नसेल तर दुसरा नेमा, असा हा उपाय होता. आज सर्वात वेगवान डेस्कटॉप प्रोसेसर सहा गिगाहर्ट्झच्या आसपास आहेत. म्हणजे दोन दशकांत ठोक्यांचा वेग दुप्पटही झालेला नाही.

कोअरच्या संख्येचा इतिहास मात्र तंत्राइतकाच स्पर्धेचाही आहे. इंटेलने चार कोअरचा डेस्कटॉप प्रोसेसर २००६ च्या अखेरीस आणला आणि त्यानंतर तब्बल दहा वर्षे नेहमीच्या बाजारात आकडा चारच्या पुढे नेला नाही. जानेवारी २०१७ मधला ‘कोअर आय७-७७००के’सुद्धा चारच कोअरचा होता. आठ कोअर हवे असतील तर हजार डॉलरहून अधिक मोजून वेगळ्या मालिकेकडे जावे लागे. मार्च २०१७ मध्ये एएमडीने आठ कोअरचा ‘रायझन ७ १८००एक्स’ ४९९ डॉलरला आणला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये इंटेलने सहा आणि पुढच्या वर्षी आठ कोअर दिले. दहा वर्षे जे शक्य झाले नाही, ते प्रतिस्पर्धी दारात येताच दीड वर्षात झाले. आताच्या ५२ विरुद्ध २४ या चर्चेकडेही याच नजरेने पाहायला हवे.

कोअर दुप्पट झाले की काम दुप्पट वेगाने होते का?

नाही. सारी मेख इथेच आहे.

पुरणपोळ्यांचा मोठा बेत असला की लाटायला चार जणांऐवजी आठ जण बसवता येतात आणि पोळ्या निम्म्या वेळात होतात. पण पुरण शिजायला जो वेळ लागतो तो लागतोच. लाटणारे कितीही वाढवले तरी ते तोवर हात जोडून बसतील. संगणकाच्या प्रत्येक कामात असा ‘पुरण शिजण्याचा’ भाग असतो. पुढची पायरी आधीच्या पायरीच्या उत्तरावर अवलंबून असते, त्यामुळे ती वाटून देता येत नाही. संगणकतज्ज्ञ जीन अॅमडाल यांनी १९६७ मध्ये हा मुद्दा मांडला आणि तो आजही ‘अॅमडालचा नियम’ म्हणून ओळखला जातो.

आकड्यांत पाहू. एका कोअरवर १०० मिनिटे लागणारे काम घ्या. त्यातली ५० मिनिटे वाटून देण्याजोगी आणि ५० न वाटता येणारी आहेत. १६ कोअर लावले तर काम साधारण ५३ मिनिटांत होईल. २४ कोअर लावले तर ५२ मिनिटांत. ५२ कोअर लावले, आणि ते सगळे सारख्याच ताकदीचे मानले, तरी ५१ मिनिटांत. ३६ कोअर वाढवून हाती आली दोन मिनिटे.

आता असे काम घ्या, ज्यात न वाटता येणारा भाग केवळ १० मिनिटांचा आहे. १६ कोअरवर ते सुमारे साडेपंधरा मिनिटांत, २४ वर पावणेचौदा मिनिटांत आणि ५२ वर पावणेबारा मिनिटांत होईल. फायदा आहे, पण कोअर तिपटीहून अधिक झाले तरी वेळ एक चतुर्थांशानेच घटला.

शेवटी असे काम घ्या, ज्यात न वाटता येणारा भाग फक्त एका मिनिटाचा आहे. १६ कोअरवर ते सात मिनिटांहून किंचित जास्त, २४ वर पाच मिनिटांहून किंचित जास्त आणि ५२ वर तीन मिनिटांच्या आत होईल. इथे मात्र प्रत्येक वाढलेला कोअर पैसे वसूल करून देतो.

पहिल्या प्रकारात आपले रोजचे बरेचसे काम येते. वर्डमधला मजकूर, ब्राऊजरमधली पाने, हिशेबाची सॉफ्टवेअर, ऑनलाइन वर्ग ही त्याची उदाहरणे. तिसऱ्या प्रकारात त्रिमितीय चित्रे ‘रेंडर’ करणे, मोठ्या सॉफ्टवेअरचा कोड ‘कंपाइल’ करणे, काही प्रकारचे व्हिडीओ रूपांतर आणि वैज्ञानिक आकडेमोड येते. मुंबईतल्या व्हीएफएक्स स्टुडिओतील कलाकाराला किंवा पुण्यातल्या सॉफ्टवेअर अभियंत्याला ५२ कोअरची चर्चा जिव्हाळ्याची वाटणे स्वाभाविक आहे. डीटीपी करणाऱ्या व्यावसायिकाला किंवा महाविद्यालयीन विद्यार्थ्याला तिचा फरक जाणवण्याची शक्यता फार कमी आहे.

गेम खेळणाऱ्यांना फायदा होईल का?

डेस्कटॉपसाठी महागडे प्रोसेसर विकत घेणाऱ्यांत गेम खेळणाऱ्यांचा वाटा मोठा आहे. पण त्यांच्यासाठी कोअरचा आकडा हा चांगला निकष नाही, हे बाजारानेच दाखवून दिले आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेला ‘रायझन ७ ९८००एक्स३डी’ केवळ आठ कोअरचा आहे. तरीही गेममध्ये तो एएमडीच्याच १६ कोअरच्या ‘रायझन ९ ९९५०एक्स’ला आणि इंटेलच्या २४ कोअरच्या ‘२८५के’लाही मागे टाकतो. त्याचे कारण कोअर नसून कॅशे आहे. कोअरच्या लगत ९६ मेगाबाइटचा साठा असल्याने लागणारी माहिती आणण्यासाठी दर वेळी दूरच्या रॅमकडे धाव घ्यावी लागत नाही.

दुसरे कारण गेम बनवण्याच्या पद्धतीत आहे. ‘प्लेस्टेशन ५’ आणि ‘एक्सबॉक्स सिरीज एक्स’ या दोन्ही यंत्रांत आठ कोअरचे प्रोसेसर आहेत. मोठे गेम आधी या यंत्रांवर नीट चालावेत असे लिहिले जातात. त्यामुळे आठाच्या पुढचे कोअर बऱ्याचदा रिकामेच राहतात.

म्हणूनच नोव्हा लेकबद्दलच्या अफवांमध्ये गेम खेळणाऱ्यांसाठी खरा महत्त्वाचा मुद्दा ५२ हा आकडा नाही. इंटेलही काही मॉडेलमध्ये कॅशेचा मोठा साठा देणार असल्याची चर्चा आहे, तो खरा मुद्दा आहे. ती खरी ठरली तर गेमच्या क्षेत्रात एएमडीला बऱ्याच काळानंतर थेट आव्हान मिळेल.

कोअर वाढल्यावर आणखी कोणत्या अडचणी येतात?

पहिली अडचण मेमरीची. नेहमीच्या डेस्कटॉप मदरबोर्डवर रॅमकडे जाणारे मार्ग दोनच असतात. ६००० वेगाची डीडीआर५ रॅम लावली तर दोन्ही मार्ग मिळून सेकंदाला जास्तीत जास्त ९६ गिगाबाइट माहिती वाहून नेतात. १६ कोअरमध्ये ती वाटली तर प्रत्येकाच्या वाट्याला सहा गिगाबाइट येतात, २४ मध्ये चार आणि ५२ मध्ये दोनहूनही कमी. नळ तेवढाच ठेवून घरातली माणसे वाढवल्यासारखे हे आहे. सर्व्हरमध्ये म्हणूनच कोअरबरोबर मेमरीचे मार्गही वाढवतात. एएमडीच्या सध्याच्या मोठ्या सर्व्हर प्रोसेसरला ते १२ असतात. डेस्कटॉपवर वेगवान रॅम आणि मोठी कॅशे हाच काय तो उतारा आहे. घरच्या संगणकावर एआयचे भाषा-मॉडेल चालवू पाहणाऱ्यांनी तर हे आधी ध्यानात घ्यावे. त्या कामात उत्तर देण्याचा वेग बव्हंशी मेमरी किती भराभर माहिती पुरवते यावर ठरतो, कोअर किती यावर नव्हे.

दुसरी अडचण विजेची. ‘२८५के’ पूर्ण जोरात असताना २५० वॉटपर्यंत वीज घेऊ शकतो. कोअर दुप्पट करून वीज तेवढीच ठेवायची, तर प्रत्येक कोअरला संथ चालवावे लागते. वीज वाढवायची, तर कूलर, पॉवर सप्लाय आणि कॅबिनेट सगळ्यांचाच खर्च वाढतो. नव्या निर्मिती-तंत्राने यातला काही भाग सुटेल, सगळा नाही.

तिसरी अडचण कामाच्या वाटपाची. तीन वेगवेगळ्या ताकदीचे कोअर असतील तर कोणते काम कोणाला द्यायचे, हे ऑपरेटिंग सिस्टीमला अचूक ठरवावे लागते. महत्त्वाचे काम चुकून लहान कोअरकडे गेले तर महागडा प्रोसेसरही अडखळतो. इंटेलने २०२१ मध्ये मोठे-लहान कोअर एकत्र आणले तेव्हा ही अडचण काही जुन्या गेममध्ये दिसली होती.

कंपन्यांसाठी हा आकडा इतका महत्त्वाचा का?

इंटेलसाठी हा केवळ एका प्रोसेसरचा प्रश्न नाही. २०२४ मध्ये कंपनीला १८.८ अब्ज डॉलरचा तोटा झाला. त्याआधी वार्षिक तोटा झाला होता तो थेट १९८६ मध्ये. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकी सरकारने कंपनीत सुमारे १० टक्के हिस्सा घेतला. महागड्या डेस्कटॉप प्रोसेसरच्या बाबतीत आपण कमी पडलो, हे इंटेलच्या वित्तप्रमुखांनीच २०२५ मध्ये मान्य केले. अशा स्थितीत कोअरच्या आकड्यात प्रतिस्पर्ध्याच्या दुपटीहून पुढे जाणे ही ताकदीची खूण म्हणून उपयोगी ठरते.

एएमडीची स्थिती वेगळी आहे. टीएसएमसीने दोन नॅनोमीटर तंत्राचे मोठ्या प्रमाणावरील उत्पादन २०२५ च्या अखेरच्या तिमाहीत सुरू केले. या तंत्राच्या प्रत्येक वेफरसाठी मोबाइल, सर्व्हर आणि एआय अशा तीन बाजूंनी मागणी आहे. जो तुकडा सर्व्हरमध्ये कितीतरी अधिक नफा देतो, तो डेस्कटॉपसाठी किती आणि केव्हा द्यायचा, हा एएमडीपुढचा खरा हिशेब आहे. त्यामुळे २४ कोअरचा प्रोसेसर तयार असणे आणि तो दुकानात सहज मिळणे यांत बरेच अंतर पडू शकते.

अफवांचा कंपन्यांना त्रासच होतो असेही नाही. जी कंपनी सध्या मागे आहे, तिच्यासाठी ‘थोडे थांबा, पुढचे येते आहे’ हा संदेश विनाखर्च पसरतो. जी पुढे आहे, तिच्या आजच्या विक्रीला मात्र त्याने खीळ बसते. म्हणून अफवा वाचताना ती खरी आहे का, याइतकेच ती कोणाच्या सोयीची आहे, हेही विचारायला हवे.

मग थांबावे की घ्यावे?

थांबण्याला फुकटची गोष्ट समजू नये. २०२५ च्या उत्तरार्धात रॅमचे भाव झपाट्याने वाढले. एआयच्या डेटा सेंटरकडून एवढी मागणी आली की उत्पादकांनी आपली क्षमता तिकडे वळवली. ‘मायक्रॉन’ने तर डिसेंबर २०२५ मध्ये ‘क्रूशियल’ या नावाने चालणारा ग्राहकांसाठीचा मेमरी व्यवसाय बंद करण्याचे जाहीर केले. त्याच महिन्यात डॉलरमागे रुपया नव्वदीच्या पलीकडे घसरला. प्रोसेसर, रॅम, ग्राफिक्स कार्ड हे सारे आपल्याकडे आयात होते. त्यामुळे उद्याचा प्रोसेसर अधिक चांगला असला तरी त्याभोवतीचा संगणक आजच्यापेक्षा महाग पडू शकतो.

मदरबोर्डचाही विचार करावा लागतो. इंटेलच्या आजच्या मदरबोर्डवर नोव्हा लेक बसणार नाही, त्याला नवे सॉकेट लागेल, अशी चर्चा आहे. एएमडीने मात्र आपल्या ‘एएम५’ सॉकेटला २०२७ पर्यंत आणि त्यापुढेही साथ देण्याचे जाहीर केले आहे. ‘झेन ६’ याच सॉकेटवर येईल, असे मानले जाते. तसे झाले तर आज ‘एएम५’ मदरबोर्डवर सहा-आठ कोअरचा प्रोसेसर घेणाऱ्याला पुढे केवळ प्रोसेसर बदलून काम भागवता येईल. पण हा शेवटचा दुवा अजून चर्चेतलाच आहे, हे विसरू नये.

निर्णयासाठी एक सोपी चाचणी घरीच करता येते. सध्याच्या संगणकावर आपले नेहमीचे जड काम सुरू करावे आणि विंडोजच्या ‘टास्क मॅनेजर’मध्ये प्रत्येक कोअरचा आलेख वेगळा पाहावा. सगळे आलेख वर चिकटलेले दिसले आणि ते तसेच मिनिटांमागून मिनिटे राहिले, तर आपले काम खरोखर अधिक कोअर मागते आहे. अशांनी, आजचा संगणक अजून तग धरत असेल तर, वर्षाअखेरपर्यंत वाट पाहण्यात अर्थ आहे. एक-दोनच आलेख वर आणि बाकीचे खाली पडलेले दिसले, तर ५२ कोअर येवोत की १०२, फरक पडणार नाही. त्यांनी प्रत्येक कोअरचा वेग, कॅशे आणि पुरेशी रॅम यांकडे पाहावे. आणि आलेख सगळेच शांत असतील पण संगणक तरीही रखडत असेल, तर दोष बहुधा प्रोसेसरचा नसून जुन्या हार्डडिस्कचा किंवा अपुऱ्या रॅमचा आहे; तिथे एक एसएसडी नव्या प्रोसेसरपेक्षा कितीतरी स्वस्तात काम भागवते.

काम अडले असेल, आजच्या संगणकावर पोट अवलंबून असेल, तर थांबणे परवडणारे नाही. दुकानात जे उपलब्ध आहे, ज्याचे निकाल तपासता येतात आणि ज्याची वॉरंटी हातात मिळते, तेच घ्यावे. ५२ कोअर प्रत्यक्षात आले तरी त्याचा सर्वाधिक लाभ पहिल्या दिवशी घेणाऱ्याला होईलच असे नाही. २०१७ नंतर झाले त्याप्रमाणे, वरचा आकडा वाढला की मधल्या किमतीतल्या प्रोसेसरलाही आपोआप अधिक कोअर मिळू लागतात. सामान्य ग्राहकाच्या दृष्टीने या चर्चेत खरे काही असेल तर ते हे आहे, आणि ते मिळायला घाई करावी लागत नाही.